कौल, राजीनामा आणि मत

निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे ‘मतदारांनी अमक्या पक्षास कौल दिला’ असे वर्तमानपत्रे लिहितात आणि आपण ते वाचून पान उलटतो. इतर लोक या शब्दाचा इतिहास विसरले तर चालेल. शेतकऱ्याने तो विसरू नये. कौल हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ वचन असा आहे. कोकणातील वाचकांस देवाचा कौल आठवेल. तोही एका प्रकारचे वचनच होय. मराठेशाहीच्या दप्तरात मात्र कौल रयत देत नसे, सरकार रयतेस देत असे. दुष्काळाने, स्वाऱ्यांनी किंवा अंमलदाराच्या जुलमाने गाव ओस पडला आणि रयत परागंदा झाली, म्हणजे कमाविसदाराने तिला कौल पाठवावा, अमुक वर्षे अमुक दरानेच सारा घेऊ, मागील बाकीचा तगादा लावणार नाही, असे लिहून द्यावे आणि तिला परत आणून जमिनीची लावणी करावी, असा परिपाठ होता. रयतेच्या हाती तेव्हा मतपत्रिका नव्हती. पण ती गाव सोडून गेली की तिची नापसंती सरकारास कळत असे, आणि कौल हे त्या नापसंतीस सरकारचे उत्तर असे.

मनुष्य आपली पसंती वा नापसंती तीन वाटांनी दाखवितो. तो मत देतो. तो आपला पैसा किंवा माल एकास देतो व दुसऱ्यास देत नाही. आणि हे दोन्ही शक्य नसेल, तर ती जागा सोडून जातो. शेतकऱ्याची विशेष अडचण अशी की, त्याचे भांडवल म्हणजे जमीन, आणि ती गाडीत घालून नेता येत नाही. नोकरीवाला शहर बदलतो, व्यापारी पेढी हलवितो; शेतकरी मात्र जेथे विहीर खणली तेथेच असतो. म्हणून या तीन वाटांपैकी कोणती वाट त्यास केव्हा उपयोगी पडते, आणि एक वाट बंद झाली असता दुसरीचे काय होते, याचा विचार त्याने इतरांपेक्षा अधिक बारकाईने केला पाहिजे.

पेशवाईतील गावात जमीन कसणारे मुख्यतः दोन प्रकारचे असत. एक मिरासदार, ज्यास थळकरीही म्हणत, आणि दुसरा उपरी. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा होता. त्यास जमीन विकता येई, गहाण ठेवता येई. तो काही काळ परगावी गेला तरी त्याचा हक्क बुडत नसे. गावच्या बैठकीत, तंट्याच्या निवाड्यात त्याचा शब्द चाले. उपरी हा नावाप्रमाणेच वरून आलेला. त्यास मिरास नाही, बैठकीत मान नाही. तो कौलावर जमीन करी आणि कौल संपला की राही किंवा जाई. मुंबई इलाख्याचा पुढे गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यातही या दोन वर्गांचे वर्णन आहे.

आता यात विचार करण्यासारखी गोष्ट आहे ती अशी. हक्काने थोर तो मिरासदार; परंतु साऱ्याचा पूर्ण दर बहुधा त्याच्याच माथी, वर निरनिराळ्या पट्ट्याही त्याच्याच. उपऱ्यास पुष्कळदा हलक्या दराने जमीन मिळे. पडीक जमीन असेल तर इस्तावा होई, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असे चढत चढत काही वर्षांनी पूर्ण दरावर यावयाचे. सभासदाच्या बखरीत शिवकालीन व्यवस्थेचे जे वर्णन आहे, त्यातही नव्या रयतेस गुरेढोरे व बियाण्यासाठी मदत द्यावी आणि ती तिच्या शक्तीप्रमाणे दोनचार वर्षांत उगवून घ्यावी असा आशय आढळतो. ज्याचा गावावर हक्क कमी त्यास सवलत अधिक, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. पण कारण उघड आहे. उपरी जाऊ शकत होता. मिरासदार सहजी जाणार नाही, हे पाटील, कुलकर्णी आणि कमाविसदार सर्वच जाणून होते. आणि जो जाणार नाही त्याच्यावर बोजा चढविणे नेहमीच सोपे असते.

म्हणून उपऱ्याची स्थिती हेवा करण्यासारखी होती असे मात्र कोणी समजू नये. ज्यास उद्या जावयाचे आहे तो विहीर बांधीत नाही, बांधाला दगड लावीत नाही, आंब्याचे झाड तर मुळीच लावीत नाही. जमिनीचे सर्व टिकाऊ काम मिरासदारानेच करावयाचे. शिवाय उपऱ्याच्या जाण्यास जी किंमत होती ती त्या काळापुरती होती. तेव्हा जमीन विपुल आणि कसणारे हात थोडे होते. शेजारच्या जहागिरीत पडीक रान वाट पाहत असे, म्हणून कमाविसदारास धास्ती. निघून जाण्यात जोर केव्हा असतो, तर आपल्या जाण्याने समोरच्याचे नुकसान होत असते तेव्हा. ज्याच्या जागी दहा जण उभे आहेत, त्याच्या जाण्याची दखल कोणी घेत नाही.

इंग्रजी अंमलाच्या आरंभी हाच धडा नव्या राज्यकर्त्यांस पुन्हा शिकावा लागला. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास पुणे प्रांतात जमिनीची पाहणी सुरू केली. खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न राहील त्याच्या शेकडा ५५ इतका सारा, असे त्याचे गणित होते. गणित कागदावर निर्दोष होते. पण प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न किती हे ठरविणारे हाताखालचे लोक, त्यांचे लागेबांधे, आणि पुढे आलेली मंदी यांचा हिशेब त्यात नव्हता. सारा थकला, सूट देता देता अधिकारी थकले, आणि इंदापूरसारख्या भागांतील पुष्कळ कुळे जमिनी टाकून निघून गेली; कित्येकांनी निजामाच्या मुलखाची वाट धरली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम हाती घेतले. जमिनीची प्रत ठरवून, दर पुष्कळ खाली आणून, तो ३० वर्षे वाढविणार नाही असे त्यांनी जाहीर केले. पडीक रान पुन्हा वहितीस येऊ लागले. याच पद्धतीवर पुढे मुंबई इलाख्याची जमाबंदी उभी राहिली आणि आपल्या सर्व्हे नंबरांचा उगम तेथेच आहे.

या जमाबंदीतील एक नियम आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. ‘राजीनामा’ म्हटले की आज मंत्र्याचा किंवा अध्यक्षाचा राजीनामा डोळ्यांपुढे येतो. त्या काळी शेतकरी जमिनीचा राजीनामा देत असे. ज्या नंबराचा सारा पिकाच्या मानाने जड वाटेल, तो नंबर खातेदाराने वेळेवर राजीनामा देऊन सोडावा आणि बाकीचे नंबर खुशाल ठेवावेत, अशी मुभा होती. गाव सोडावयास नको, घर सोडावयास नको, सगळी शेती सोडावयास नको. जेवढ्यापुरती नापसंती तेवढेच सोडावयाचे. मतपत्रिकेवरील शिक्क्यास हे साधत नाही. शिक्का एक आणि त्यात रस्ता, पाणी, वीज, जात, भाऊबंदकी, उमेदवाराचा स्वभाव असे सर्व एकत्र कोंबलेले. निकालावरून कोणत्या गोष्टीची चीड होती हे ज्योतिषीच सांगू जाणे. राजीनाम्याचे तसे नव्हते. तालुक्याच्या दप्तरात कोणते नंबर सुटले एवढे पाहिले तरी दर कोठे चुकला हे कळण्यासारखे होते.

पुढे या वाटेचा उपयोग सरला. लोकसंख्या वाढली, जमिनीस किंमत आली, आणि किंमत आली म्हणून ती सावकारास तारण म्हणून चालू लागली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते ते १८६५ नंतर कोसळले. इंदापुरात ३० वर्षांची मुदत संपून सारा वाढला. अशा वेळी राजीनामा द्यावा तर पोट कशावर भरावे, आणि गहाण पडलेली जमीन सोडावी तरी कशी? मत तर नव्हतेच. तेव्हा उरली ती तिसरी वाट, व्यवहार तोडण्याची. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील कर्डे गावच्या लोकांनी हुकूमनामे बजावून घरादारावर उठलेल्या सावकारांशी संबंध तोडले. त्यांच्या दुकानातून माल घ्यावयाचा नाही, त्यांची शेते करावयाची नाहीत, न्हाव्याने त्यांची हजामत करावयाची नाही, कोणी पाणी भरावयाचे नाही, असा निर्बंध गावाने केला आणि आसपासच्या गावांनी तो उचलला. ज्या लोकांजवळ रोख पैसा असा फारसा नव्हता, त्यांनी आपल्या किरकोळ खरेदीचा आणि श्रमाचा असा उपयोग केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुर्दैवाने हा संयम टिकला नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे दंगल होऊन खतपत्रे जाळली गेली, तिचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. मग चौकशी समिती बसली आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

व्यवहार तोडण्याची वाट नीट पूर्वतयारीने चालली तर काय होते, याचे उत्तम उदाहरण खेडा जिल्ह्यातील आहे. तो जिल्हा तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता. आणंद येथील पोल्सनच्या डेअरीमार्फत मुंबईस दूध जाऊ लागले होते. गवळ्यास भाव कमी आणि मधल्या ठेकेदारांचा फायदा मोठा, अशी स्थिती होती. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्याने आणि मोरारजी देसाई व त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने १९४६ च्या जानेवारीत शेतकऱ्यांनी ठरविले की, त्या डेअरीस दूध घालावयाचे नाही. पंधरा दिवस त्यांनी घातले नाही. दूध हा साठविण्याचा माल नव्हे. संप करणाऱ्याचे नुकसान रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि ते त्यांनी सोसले. मुंबईचे दूध आटले, सरकारी दूध आयुक्त आणंदला आला आणि शेतकऱ्यांच्या संघाकडून दूध घेण्याची मागणी मान्य झाली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला संघाची नोंदणी झाली. तोच पुढे अमूल म्हणून जगास माहीत झाला. येथे मर्म असे की, नुसते दूध बंद करून ते थांबले नाहीत. दूध दुसरीकडे घालण्याची जागा त्यांनी स्वतः उभी केली, आणि त्या जागेच्या कारभारात प्रत्येकास मत ठेवले.

अर्थशास्त्रज्ञांनी या विषयाचा विचार पुढे पद्धतशीर रीतीने केला आहे. टीबू या अमेरिकन पंडिताने १९५६ मध्ये असे मांडले की, जेथे लहान लहान नगरे पुष्कळ आहेत तेथे माणूस कर आणि सोयी पाहून आपल्यास मानवेल त्या नगरात राहावयास जातो, आणि त्यावरून लोकांस काय हवे ते कळते. यासच पुढे लोक पायांनी दिलेले मत म्हणू लागले. आपल्यासारख्या जमिनीला बांधलेल्या माणसास हा सिद्धांत फारसा लागू पडत नाही. आपल्याकडे दर हंगामास मराठवाड्यातून जे हजारो ऊसतोड मजूर बायकामुलांसह गाडीने निघतात, त्यांच्या जाण्यास पसंती म्हणणे तर क्रौर्य होईल. ज्याच्या मागे चूल पेटत नाही त्याच्या चालण्यास कौल म्हणता येत नाही.

आपणांस अधिक उपयोगी विचार हर्शमन या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात सापडतो. त्यास तो सुचला नायजेरियातील भुईमुगाच्या वाहतुकीवरून. उत्तर नायजेरियातील भुईमूग शेकडो मैलांवरच्या बंदरास नेण्यास आगगाडी हे स्वाभाविक साधन. पण तिचा कारभार इतका ढिसाळ की व्यापारी मोटारगाड्यांनी माल पाठवू लागले. आता स्पर्धा आली म्हणजे आगगाडी सुधारेल, असे आपण म्हणू. ती सुधारली नाही. कारण ज्यांचे फार अडत होते, जे तक्रारी करून अधिकाऱ्यांस सळो की पळो करून सोडू शकले असते, तेच प्रथम मोटारीकडे गेले. राहिले ते सोसणारे. आगगाडी सरकारी असल्याने तोट्याची भरपाई खजिन्यातून होई. अशा रीतीने जाणारे मुकाट्याने गेले, राहणारे मुकाट्याने राहिले, आणि कारभाऱ्यास कोणीच काही सांगितले नाही.

आगगाडीच्या जागी आपला सहकारी साखर कारखाना ठेवून पाहावा.

प्रवरेचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने उभा राहिला व त्याचे गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले. त्याच्या मागोमाग महाराष्ट्रात जे कारखाने निघाले त्यांची घटना एका तत्त्वावर होती: शेअर कितीही असोत, सभासदास मत एकच. इंग्लंडातील रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये जी चाल घातली तीच ही. खासगी कंपनीत शेअरांच्या वजनाने मत मोजतात. येथे पन्नास एकरवाला आणि दोन एकरवाला सारखे. आता हे मत पाच वर्षांतून एकदा द्यावयाचे. त्यात काट्याचा विश्वास, तोडणीचा क्रम, उताऱ्याचा आकडा, कर्जाचा बोजा, आणि गावातील गटतट हे सर्व एकाच शिक्क्यात जाते. शेअर दर्शनी किमतीचाच राहतो. कारखाना चांगला चालला म्हणून त्याचा भाव बाजारात चढत नाही, की वाईट चालला म्हणून विकून टाकता येत नाही. म्हणजे हा सभासद मिरासदार झाला. बैठकीत मान आहे, पण जाण्याची वाट अरुंद आहे.

ती किती अरुंद ठेवावी याविषयी आपल्याकडे बराच वाद झाला आहे. १९८४ च्या आदेशाने प्रत्येक कारखान्यास ऊसक्षेत्र राखून दिले होते. त्या क्षेत्रातील ऊस बाहेर नेता येत नसे. यास शेतकरी झोनबंदी म्हणत. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने या बंधनाविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठविला आणि १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते उठले. झोनबंदीच्या समर्थकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. ऊस तोडल्यावर तासातासाला त्यातील साखर घटते, म्हणून तो जवळच गाळला जावा. आणि कारखान्याने घेतलेले कर्ज फेडावयाचे तर उसाची शाश्वती हवी. परंतु शाश्वती मिळालेला कारभारी काय करतो, हे मिरासदारावरील पट्ट्यांनी आपणांस आधीच सांगितले आहे. ज्याचा ऊस दुसरीकडे जाऊ शकत नाही, त्याच्या बिलाची घाई कोणास असावी?

वाट बंद केली म्हणून लोक थांबतातच असेही नाही. कापसाच्या एकाधिकार खरेदीचा अनुभव विदर्भातील वाचकांस सांगावयास नको. १९७२ च्या हंगामात ती योजना सुरू झाली. सरकारी भाव बाजाराहून खाली असेल त्या वर्षी कापूस रातोरात सीमेपलीकडच्या राज्यांत जाई. भाव वर असेल त्या वर्षी पलीकडचा कापूस आपल्या केंद्रांवर येऊन पडे. नाकी बसविली, पहारे ठेवले. व्यवहार थांबला नाही, फक्त चोरीचा झाला. २००२ मध्ये खासगी खरेदीस पुन्हा मोकळीक मिळाली. उसाच्या बाबतीतही असाच प्रकार २०२३ च्या सप्टेंबरात होऊ पाहत होता. पाऊस कमी झाल्याने ऊस अपुरा पडेल म्हणून राज्याबाहेर ऊस नेण्यास बंदी घालणारी अधिसूचना निघाली. सीमेलगतच्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी असा गहजब केला की थोड्याच दिवसांत ती मागे घ्यावी लागली. त्या वादात एक गोष्ट मौजेची होती. कर्नाटकात ऊस प्रत्यक्ष नेणारे सर्वच नव्हते. न नेणाऱ्यांसही ती वाट मोकळी हवी होती. त्यांचा हिशेब बरोबर होता. सीमेपलीकडे कारखाना आहे एवढ्यानेच अलीकडच्या कारखान्याचा भाव सुधारतो.

तथापि जो शेतकरी संस्थेचा मालक आहे, त्याने नायजेरियाचा भुईमूग विसरू नये. आज ऊस दुसऱ्या कारखान्यास घालणे अवघड राहिले नाही. गुऱ्हाळ ही तर फार जुनी वाट आहे, विशेषतः कोल्हापूरकडे. दोन कारखान्यांत राज्यात २५ किलोमीटर हवाई अंतर ठेवण्याचा नियम असल्याने पर्याय मोजकेच, पण असतात. मग घडते काय? ज्याचा ऊस मोठा, ज्याच्या ओळखीच्या टोळ्या आहेत, ज्याचे स्वतःचे ट्रॅक्टर आहेत, तो तक्रारीच्या भानगडीत न पडता दुसऱ्या कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यास बोलावतो आणि नोंद करून मोकळा होतो. हाच मनुष्य सभेत उभा राहून ताळेबंद वाचू शकला असता. तो गेल्यावर उरतात दोन-तीन एकरवाले, ज्यांच्या फडास तोडच मिळत नाही आणि जे तोड मिळावी म्हणून चिटबॉयची मनधरणी करीत असतात. कारखान्यास ऊस कमी पडतो, मग तो लांबून गेटकेन आणतो, वाहतूक वाढते, आणि आपल्या राज्यात तोडणी-वाहतूक खर्च ऊसदरातूनच कापला जात असल्याने त्या लांबच्या उसाच्या वाहतुकीचा भार सरासरीने जवळच्या सभासदावरही पडतो. शेवटी कर्ज थकते. राज्यात कितीतरी सहकारी कारखाने कर्जवसुलीच्या लिलावात खासगी हातांत गेले. त्यात वाईट कारभार होताच; पण त्या कारखान्यांच्या जाणत्या सभासदांनी ऊस आधीच हलविला होता की नाही, हेही विचारले पाहिजे. कारखाना गेल्यावर मत उरत नाही आणि ज्याच्याकडे पळून जावयाचे त्या शेजारच्या कारखान्यासही मग आपली खुशामत करण्याचे कारण राहत नाही.

यास्तव माझे मत असे की, जाण्याची वाट मोकळी असावी, पण सभासदाने ती जुन्या राजीनाम्यासारखी वापरावी. म्हणजे थोडी आणि सांगून. चार एकर ऊस असेल तर एक एकर दुसरीकडे नोंदवावा आणि का नोंदविला हे आपल्या कारखान्यास लेखी कळवावे. असे पत्र एकट्याने दिले तर ते फायलीत जाईल. एका शिवारातील वीस जणांनी एकाच आठवड्यात दिले तर संचालकास गाडी काढून गावात यावे लागेल. कमाविसदार कौल घेऊन येई तो याच कारणाने. काही मित्र म्हणतील की, हे संस्थेशी बेइमानी होय. मला तसे वाटत नाही. चोरून सगळा ऊस नेणे व वार्षिक सभेत हात वर करणे यापेक्षा हे पुष्कळ प्रामाणिक आहे.

कायद्याची जोड आहे ती माहीत असावी. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराप्रमाणे पैसे मिळाले पाहिजेत, न मिळाल्यास त्यावर वार्षिक शेकडा १५ व्याज लागू होते, अशी १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तरतूद आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये ठरला. थकबाकीची तक्रार पुण्यास साखर आयुक्तांकडे करावयाची. पण व्याजासाठी सभासद सहसा अडून बसत नाहीत, हे कारखाने ओळखून आहेत.

उरला प्रश्न माहितीचा. मत असो की ऊस हलविणे असो, दोन्हींस आधार आकड्यांचा हवा, आणि स्वतःच्या उसाचा उतारा कोणासच वेगळा कळत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, घ्यावी लागते, आणि अहवाल त्यापूर्वी सभासदांस मिळतो. पुष्कळांच्या घरी तो फोटो पाहून बाजूला ठेवला जातो. त्यात तीन आकडे शोधावेत. पहिला, हंगामाचा सरासरी साखर उतारा, आणि शेजारच्या कारखान्याचा त्याच हंगामातील उतारा. माती आणि वाण एकच असता उताऱ्यात एक टक्क्याचा फरक का, हा प्रश्न विचारण्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही. दुसरा, टनामागे तोडणी-वाहतुकीचा खर्च. तिसरा आकडा बहुधा कोणी पाहत नाही: एकंदर गाळलेल्या उसापैकी सभासदांचा ऊस किती आणि बिगरसभासदांचा व गेटकेनचा किती. मागील तीन वर्षांचे अहवाल जवळ घेऊन हे प्रमाण काढावे. सभासदांचा वाटा दरवर्षी उतरत असेल, तर निवडणुकीत कोणते पॅनेल निवडून आले याला फारसा अर्थ नाही. सभासद पाय उचलू लागले आहेत. तो आकडा अहवालात दिलेलाच नसेल, तर सभेच्या आधी तो लेखी मागावा, आणि अडसाली लागणीची नोंद करण्यापूर्वी उत्तर येते की नाही ते पाहावे.